कृपया हात लावू नये

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारगाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. आपल्या मंडळाचे बरेच सभासद सहकुटुंब तेथे गेले होते; मीही काठी टेकीत जाऊन आलो. त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या एका जुन्या रुग्णाने, ज्यांना अशा गाड्या जमविण्याचा छंद आहे, मला मुद्दाम आपल्या शेतघरी नेले. वातानुकूलित दालनात नऊ गाड्या ओळीने उभ्या होत्या. अगदी शेवटी एक बुटकी, छप्पर नसलेली, दोन आसनांची ब्रिटिश गाडी होती. एम.जी.बी. सत्तेचाळीस वर्षांनंतर मी त्या बनावटीच्या गाडीसमोर उभा होतो. रंग असा चकचकीत, की त्यात माझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजता याव्यात. सवयीने माझा हात बॉनेटकडे गेला, आणि तेवढ्यात भोवती बांधलेल्या दोरीवरची पाटी दिसली : 'कृपया हात लावू नये'.

"ही शेवटची कधी चालविलीत?" मी विचारले.

"डॉक्टरसाहेब, ही चालवायची नाही," यजमान हसून म्हणाले. "हिची किंमत वाढते आहे."

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा खुब्याच्या अस्थिभंगावर लिहावे की वृद्धांच्या पडण्यावर, अशा विचारात मी होतो. पण लेखणी उचलली की ती दोरी डोळ्यांसमोर येते. तेव्हा ज्येष्ठत्वाचा थोडा गैरफायदा घेऊन या वेळी मोटारगाडीवर लिहितो. माझे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. जी गाडी चालविली जात नाही, जिचे बॉनेट उघडून धनी आपले हात काळे करीत नाही, ती जतन झाली असे मी म्हणणार नाही. ती फक्त साठवून ठेवलेली आहे. त्या ब्रिटिश गाड्यांचे सारे मोल त्यांच्यात हात घालता येत होता यात होते. ते काढून घेतले तर उरतो तो सुबक पत्रा.

मोटारींचा आपल्या व्यवसायाशी काय संबंध, असे कोणी विचारील. म्हणून प्रथम एम.जी. या दोन अक्षरांविषयी. ती 'मॉरिस गराजेस' या ऑक्सफर्डमधील गाड्यांच्या पेढीची आद्याक्षरे. तिचे मालक विल्यम मॉरिस, म्हणजेच पुढचे लॉर्ड नफील्ड. जन्म १८७७ चा. सोळाव्या वर्षी चार पौंडांच्या भांडवलावर त्यांनी सायकल दुरुस्तीचा धंदा मांडला आणि पुढे ते ब्रिटनमधील सर्वांत मोठे मोटार उत्पादक झाले. तरुणपणी त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते म्हणतात. ती इच्छा घरच्या परिस्थितीने राहिली, पण मनातून गेली नसावी. कारण १९३६ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाला वैद्यकशास्त्रासाठी प्रचंड देणगी दिली, आणि तीत भूलशास्त्राचे प्राध्यापकपद हवेच असा हट्ट धरला. भूल देणे हा काय प्राध्यापकीचा विषय, असे विद्वानांचे म्हणणे होते. त्या हट्टातून १९३७ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश हे भूलशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपले भूलतज्ज्ञ आजही श्वासनलिकेत नळी घालताना ज्या वक्र पात्याचा लॅरिंगोस्कोप हाती घेतात, ते त्याच मॅकिंटॉश यांचे पाते. आमच्या अस्थिशल्याचे ब्रिटनमधील पहिले प्राध्यापक गर्डलस्टोन, ज्यांच्या नावाची खुब्याची शस्त्रक्रिया आपण सर्वांनी परीक्षेपुरती तरी पाठ केली आहे, तेही नफील्ड प्राध्यापकच. १९३८ मध्ये पोलिओच्या रुग्णांसाठी लाकडी फळ्यांची श्वसनयंत्रे आपल्या मोटार कारखान्यात बनवून, साम्राज्यातील जे रुग्णालय मागेल त्याला ती फुकट देण्याची घोषणा त्यांनी केली, आणि दीड हजारांहून अधिक यंत्रे वाटली. जाता जाता सांगतो, त्यांच्या राहत्या घरी शयनगृहातल्या कपाटात हत्यारांच्या सोबतीला त्यांचे स्वतःचे आंत्रपुच्छ काचेच्या बरणीत ठेवलेले आहे. शल्यचिकित्सक होण्याची हौस ती याहून निराळी काय असते?

या मॉरिस गराजेसचा व्यवस्थापक सेसिल किंबर. तरुणपणी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय मोडला आणि कायमचा आखूड राहिला. दुचाकी सुटली आणि तो चारचाकीकडे वळला. मॉरिसच्या साध्यासुध्या सांगाड्यावर त्याने हलकी, चपळ, देखणी शरीरे चढविली, आणि त्यातून एम.जी. जन्मास आली. १९२९ पासून तिचे बिऱ्हाड ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, टेम्सकाठच्या ॲबिंग्डन या लहानशा गावी, चामड्याच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत होते. ही गाडी श्रीमंतांची नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. जॅग्वारची ई-टाईप १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला अवतरली तेव्हा जगाने श्वास रोखला खरा. पण ती आमच्यासारख्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहायची. एम.जी., ट्रायम्फ स्पिटफायर, बेडकाच्या डोळ्यांची ऑस्टिन-हीली स्प्राईट ही शिक्षकांनी, कारकुनांनी, नर्सेसनी आणि निवासी डॉक्टरांनी जुनी विकत घेऊन चालविण्याची जात.

मी १९६९ च्या हिवाळ्यात इंग्लंडात उतरलो. उत्तरेकडील खाणकामगारांच्या एका गावात, अस्थिव्यंग विभागात नोकरी मिळाली. रुग्ण प्रेमळ होते. कोळशाने काळे पडलेले हात माझ्या सावळ्या हातात विश्वासाने देत. पण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चित्र वेगळे होते. सौ. येणार म्हणून मी खोली शोधू लागलो, तेव्हा दूरध्वनीवर रिकामी असलेली खोली, मी दारात उभा राहिलो की 'नुकतीच गेली' अशी होई. १९६८ च्या कायद्याने घर देताना वर्णभेद करण्यास बंदी घातली होती. त्याचा परिणाम एवढाच, की दारे पूर्वीपेक्षा सभ्यपणे बंद होऊ लागली. मी हे कटुतेने लिहीत नाही. पण हे सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

१९७१ च्या वसंतात, ज्या वर्षी फेब्रुवारीत शिलिंग जाऊन दशमान नाणी आली त्या वर्षी, मी एका शिक्षकाकडून १९६४ सालची फिकट निळी एम.जी.बी. चारशे दहा पौंडांना घेतली. ते गृहस्थ ऑस्ट्रेलियाला स्थायिक व्हायला निघाले होते. हे पैसे मी खरे म्हणजे दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गळक्या मजल्यासाठी साठवीत होतो. वडिलांना पत्रात मी नुसते 'एक जुनी गाडी घेतली' असे कळविले. त्यांचे उलट टपाली निळे पत्र आले. त्यात प्रकृतीची चौकशी, मजल्याची हकीकत, आणि शेवटी एकच प्रश्न : 'गाडीत माणसे किती बसतात?' या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना कधीच लिहिले नाही.

गाडी कशी होती म्हणाल, तर रस्त्याला चिकटलेली. बसले की जमीन हाताला लागते असे वाटे. १७९८ घन सेंटीमीटरचे इंजिन, त्यावर जुळ्या भावंडांसारखे दोन एस.यू. कार्ब्युरेटर, आणि सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागच्या तळघरात अशा दडविलेल्या, की त्यांत पाणी घालायला योगासने करावी लागत. हीटर त्या काळी वेगळे पैसे मोजून बसवून घ्यायचा असे. पहिल्या धन्याने तो घेतलाच नव्हता, म्हणून सौ. गरम पाण्याची रबरी पिशवी मांडीवर घेऊन बसत. छप्पर म्हणजे सुटा सांगाडा आणि सुटे कापड. दोघांनी मिळून ते चढवायला दहा मिनिटे लागत आणि इंग्लंडच्या पावसाला दोन पुरत. साडीचा पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारायची आणि टोक कमरेला खोचायचे, हे तंत्र सौ.ने स्वतः शोधले होते. किल्ली फिरविली की मागच्या बाजूने पेट्रोलच्या विजेरी पंपाची टिकटिक सुरू होई. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की ती मंदावे आणि थांबे, मगच स्टार्टर दाबायचा. पुढे पुढे हे काम सौ.कडे आले. "थांबा, अजून टिकटिकते आहे," असे त्या म्हणत, आणि मी थांबत असे. आमच्या संसारातील इतर बाबतींतही हीच पद्धत पुढे चालू राहिली.

पहिल्या दोन महिन्यांतच गाडी धापा टाकू लागली. पायडल दाबले की क्षणभर गुदमरे, मग उसळे. गावाबाहेर पेट्रोल पंपाला लागून एक गराज होते. तेथला म्हातारा युद्धकाळात बंगालमधील विमानतळांवर फिटर होता, आणि 'जल्दी', 'ठीक है', 'चाय', 'बस' एवढी हिंदी त्याला येत असे. त्याने बॉनेट उघडले, दोन्ही कार्ब्युरेटरांच्या डोक्यावरची टोपणे आटे फिरवून काढली आणि आतल्या कोरड्या दांड्या माझ्यापुढे धरल्या. त्या विहिरीत चमचाभर तेल असावे लागते. पायडल एकाएकी दाबले तर पिस्टन भसकन वर उडू नये, यासाठी ते तेल. मी ते कधी पाहिलेच नव्हते. "डॉक, गावाला औषध पाजतोस, हिला एक चमचा दे की!" एवढे बोलून त्याने तेलाची डबी माझ्या हाती दिली. स्वतः ओतले नाही.

दुसऱ्या रविवारी त्याने मला दोन्ही कार्ब्युरेटर समतोल करायला शिकविले. रबरी नळीचे एक टोक कानात, दुसरे पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा आत ओढली जाते तिची फुसफुस ऐकायची. मग मागच्याची. दोघांना जोडणारी पकड सैल करून स्क्रू पाव आटा, अर्धा आटा फिरवीत राहायचे, दोन्हींचा आवाज एक होईपर्यंत. मी थोडा वेळ त्याच्या नळीशी झटापट केली आणि मग कोटाच्या खिशातून स्टेथोस्कोप काढला. छातीवर ठेवायची चकती काढून नुसती नळी वापरली. दोन्ही कानांनी ऐकू आले. म्हाताऱ्याने तो मागून घेतला, स्वतःच्या कानांना लावला, आणि बराच वेळ इंजिन ऐकत राहिला. नंतर त्याने मला विचारले, माणसाचेही असेच ऐकता का? मी म्हटले, हो. त्याने सदऱ्याची बटणे सोडली. मी ऐकले. महाधमनीच्या झडपेची स्पष्ट कुरकुर होती. तीन आठवड्यांनी त्याला आमच्या हृदयरोगतज्ज्ञांसमोर बसवले. तो पुढे बरीच वर्षे जगला, पण ती वेगळी कथा.

दोष शोधायला तेथे कान, नाक, बोटे आणि डोके यांवाचून काही लागत नसे. प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे प्रकृती उत्तम. ही जीभ तपासण्याचीच रीत. टॅपेटची फट पंधरा थाऊ. फिलर गेज त्यात किंचित अडखळत सरकली पाहिजे. ते 'किंचित' पुस्तकात सापडत नाही, बोटाला शिकवावे लागते. कंपनीची दुरुस्तीची पुस्तिका कोणालाही विकत मिळे. धन्याला सर्व काही सांगून टाकण्यात कोणाला संकोच नव्हता. या गाड्यांच्या विजेच्या सामानाची तेव्हापासून टवाळी होत आली आहे. ते बनविणाऱ्या लुकास यांना 'अंधाराचा राजपुत्र' म्हणण्याचा विनोद जगभर जुना झाला. माझे दिवे दोनदा गेले. दोन्ही वेळा अपराध गंजलेल्या अर्थिंगचा आणि ते घासण्याचा आळस करणाऱ्या माझा होता.

आणि हात वर करणे. एम.जी.वाल्यांची रीत अशी, की समोरून दुसरी एम.जी. आली तर एकमेकांना हात करायचा, दिवे लुकलुकवायचे. ओळख असण्याची गरज नाही. मला हे ठाऊक नव्हते. पहिल्याच आठवड्यात समोरून एक लाल एम.जी. आली आणि टोपी घातलेल्या त्या गोऱ्या माणसाने माझ्याकडे पाहून हात उंचावला. मी मागे वळून पाहिले, दुसरे कोणी आहे का म्हणून. नंतर मी विचार केला, टोपीखाली त्याने मला नीट पाहिले नसेल. पण पुढे उघड्या गाडीतून, भर उन्हात, शेजारी साडी नेसलेल्या सौ. असतानाही हात वर होतच राहिले. पेट्रोल पंपावर लोक आपण होऊन येऊन बोलत. कोणत्या सालची? ओव्हरड्राईव्ह आहे का? तेल किती खाते? त्या दोन वर्षांत मला जी घरे दाखविण्यात आली, जेवणाची जी आमंत्रणे मिळाली, त्यांतील निम्मी त्या निळ्या बॉनेटच्या द्वारा आली. एखादी वस्तू माणसाला परक्या समाजात आत घेऊन जाते, हे मला आजही थोडे विचित्र वाटते. पण तसे झाले खरे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर मी अस्थिशल्यतज्ज्ञ कसला?

१९७३ च्या शरद ऋतूतील एका रविवारी रात्री अपघात विभागात एकोणीस वर्षांचा मुलगा आणला गेला. दोन आसनांची उघडी गाडी ओल्या वळणावर झाडावर आदळली होती. पट्टा नव्हता. मांडीचे हाड मोडले होते. ते मी जोडू शकलो असतो. पण स्टिअरिंगचा ताठ दांडा छातीवर आला होता. पहाटे तो गेला. त्याच्या आईने मला विचारले नाही की तुम्ही काय केले, काय नाही. ती एवढेच म्हणत राहिली, "ती गाडी त्याने स्वतः दुरुस्त केली होती हो, सगळी स्वतः."

माझ्या गाडीतही पट्टे नव्हते. तिच्यात मी सौ.ला बसवून साठ मैलांच्या वेगाने दोन वर्षे हिंडत होतो. दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याकडे जाऊन दोन्ही बाजूंना पट्टे बसवून घेतले. पुढच्या आसनावर पट्टा बांधणे ब्रिटनमध्ये सक्तीचे झाले ते ३१ जानेवारी १९८३ पासून. दरम्यान किती गेले असतील? १९६६ मध्ये तेथे रस्त्यांवर सुमारे आठ हजार माणसे मेली. अलीकडच्या वर्षांत, वाहने कितीतरी पट वाढूनही, हा आकडा सोळा-सतराशेच्या आसपास आहे. तेव्हा 'जुन्या गाड्या कशा लोखंडी, भक्कम असत' असे जे आपल्या पिढीचे लोक म्हणतात, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी हे वाक्य नातवंडांसमोर तरी म्हणू नये. गाडीचा पत्रा चुरगळला नाही, तर आघात कोठे जाईल? तो आतल्या बरगड्यांत जातो. आजच्या गाडीचे नाक मुद्दाम चुरगळण्यासाठी बनविलेले असते, स्टिअरिंगचा दांडा मुद्दाम दुमडणारा असतो. हे उपकार आहेत. त्या निळ्या गाडीवर माझे प्रेम होते म्हणून ती सुरक्षित होती असे मी लिहिणार नाही. ती चालवा असे मी म्हणतो, तेव्हा पट्टा बांधून, बेताने, कोरड्या सकाळी, तिची मर्यादा ओळखून चालवा असे म्हणतो. आपण ऐंशी वर्षांच्या रुग्णाला रोज चालायला सांगतो, ते काय धावण्याच्या शर्यतीसाठी?

१९७६ मध्ये वडील आजारी पडले आणि आम्ही परत यायचे ठरविले. गाडी बोटीने आणण्याचा विचार केला. आयात परवाना आणि जकात यांची चौकशी केल्यावर तो सोडला. ती मी त्या म्हाताऱ्याच्या उमेदवाराला विकली, सतरा-अठरा वर्षांचा लाजरा मुलगा होता. पैसे त्याने हप्त्याने दिले. निघायच्या दिवशी तो आम्हाला तिच्यातूनच स्थानकावर सोडायला येणार होता. पण माणसे तीन आणि आसने दोन. आम्ही टॅक्सी केली, आणि तो निळ्या गाडीतून मागोमाग आला. स्थानकासमोर वळण घेताना त्याने हात वर केला. वडिलांच्या पत्रातील प्रश्न मला त्या वेळी आठवला.

वडोदऱ्याला आल्यावर जुनी ॲम्बेसेडर घेतली. पहिल्या दिवशी रावपुऱ्यातल्या मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि मी चकित झालो. ॲम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, हे ऐकून ठाऊक होते. पण तिचे १४८९ घन सेंटीमीटरचे इंजिन आणि माझ्या एम.जी.बी.चे १७९८ घन सेंटीमीटरचे इंजिन हे एकाच बी-सीरिज घराण्यातले, थोरले-धाकटे. तीच झडपांवरची झाकणी, तीच टॅपेटची कुजबुज. मी मिस्त्रीकडे फिलर गेज मागितली, तेव्हा त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी त्याच्याकडे त्याची थाळी मागत होतो. पुढे आमची मैत्री झाली. आपल्यापैकी ज्यांच्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड होती, त्यांनाही सांगतो : तिचे सबंध नाक पुढे कलंडून उघडे, तसेच ट्रायम्फ स्पिटफायरचेही, कारण स्पिटफायर हेरल्डच्याच आखूड केलेल्या सांगाड्यावर उभी होती, आणि दोन्ही गाड्यांना रूप देणारा इटालियन मिकेलॉत्ती. आपण समजत होतो त्यापेक्षा आपण त्या गाड्यांच्या बरेच जवळ होतो.

ॲबिंग्डनचा शेवट क्लेशकारक झाला. सप्टेंबर १९७९ मध्ये तेथील कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा झाला, आणि लगेच कारखाना बंद करण्याची घोषणा आली. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची एम.जी.बी. बाहेर पडली, १९६२ पासून पाच लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या. दहा वर्षांच्या आत जपान्यांनी, १९८९ मध्ये, माझदा एम.एक्स.-५ काढून हाच सांधा उचलला : दोन आसने, उघडे छप्पर, हलके अंग. फक्त ती पावसात गळत नव्हती. ब्रिटिशांनी जे सोडून दिले, त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती त्यांनी विकल्या.

ब्रिटनमध्ये १९८८ पासून एम.जी.बी.चा संपूर्ण नवा सांगाडा जुन्याच साच्यांवर दाबून मिळू लागला. म्हणजे अंग नवे, इंजिन दुरुस्त, आसने नवी. मग ही ती गाडी की दुसरी? तत्त्वज्ञांनी यावर वाद घालावा. चार्नली यांनी पॉलिथिनच्या वाटीचा खुबा बसविला तो नोव्हेंबर १९६२ मध्ये, एम.जी.बी. बाजारात आली त्याच शरदात. तेव्हापासून आम्ही मंडळी माणसांचे सुटे भाग बदलतोच आहोत. दोन्ही खुबे, एक गुडघा, डोळ्यांतील भिंगे आणि पेसमेकर बसविलेले एक आजोबा माझ्याकडे येत. ते तेच होते की दुसरे, ही शंका त्यांच्या घरच्यांना कधी आली नाही; बिल देताना स्वभाव तसाच होता. जुन्या गाडीत हल्ली विजेची मोटारही बसवितात. माझा विरोध नाही, फक्त मग कानाला काम उरत नाही.

आणि आता गंमत पाहा. ॲबिंग्डननंतर ती दोन अक्षरे हातोहाती फिरली. २००५ मध्ये ब्रिटिश कंपनी बुडाली, नाव चीनमध्ये गेले, आणि २०१९ मध्ये आपल्यापासून चाळीसएक किलोमीटरवर, पावागढच्या वाटेवर, हालोलच्या कारखान्यातून एम.जी. हेक्टर बाहेर पडू लागली. माझ्या नातवाने २०२० मध्ये ती घेतली. उत्तम गाडी आहे. प्रशस्त, शांत, हवेच्या पिशव्या, पाच माणसे आरामात. वडिलांना दाखवायला हवी होती. ब्रिटनमधील काही जुन्या भक्तांना हे नाव अशा गाड्यांवर लावलेले रुचत नाही. मला त्यांचा राग पटत नाही. किंबरनेही मॉरिसच्या बैलगाडीवर नवे अंग चढवून नाव लावले होते. नाव प्रवास करते, त्यात पाप नाही. माझी तक्रार, असलीच तर, आजच्या एकूण सगळ्याच गाड्यांविषयी आहे, आणि तीही अर्धीच. बॉनेट उघडले की आत आणखी एक झाकण. नातवाला मी दोष कसा शोधतात विचारले, तर तो म्हणाला, "आजोबा, संगणक लावतात." संगणक अचूक सांगतो, हे मी मान्य करतो. आपल्याकडे नाही का, रुग्णाच्या पोटाला हात लावण्याआधी स्कॅनचा कागद येतो, आणि तो बहुधा बरोबरच असतो? पण हात लावण्याची विद्या एका पिढीने वापरली नाही, तर पुढच्या पिढीला ती शिकविणार कोण? म्हणूनच काही जुनी यंत्रे दोरीबाहेर, वंगणाने माखलेली, तरुणांच्या हाती हवीत. त्यांच्या हातून एखादा स्क्रू झिजेल, रंगाला ओरखडा पडेल. पडू द्यावा.

हे सर्व मी त्या यजमानांना तेव्हाच ऐकविले होते. ते सौजन्याने ऐकून घेत राहिले आणि आम्ही चहा प्यालो. गेल्या महिन्यात त्यांचा अचानक दूरध्वनी आला. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हट्ट धरला होता की निळी नसली तरी ती एम.जी. आपण चालवायचीच. नवी बॅटरी घातली, ताजे पेट्रोल भरले, दोन मिस्त्री झाले, पण गाडी चालू होत नव्हती.

"किल्ली फिरविल्यावर मागून टिकटिक ऐकू येते का?" मी विचारले.

"कसली टिकटिक?"

मी त्यांना म्हटले, कोणी काही उघडू नका, मुलीला गाडीपाशीच थांबायला सांगा. सौ.ने तोवर कपाटातून स्टेथोस्कोप काढून ठेवला होता.